पायातल्या आकड्याला हात लावायचा नाही

माझ्या मावशीच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या काकांचं, ठाम मत आहे की हे जग ज्यानं कुणी घडवलं त्यानं दोन्ही बाजू मोजूनच घडवलं होतं, आणि पुढं जो काही घोळ झाला तो आपण सगळ्यांनी मिळून केला. डावीकडं जेवढं घातलं तेवढंच उजवीकडं निघालं पाहिजे. कमी निघालं तर कुणीतरी मधल्यामध्ये हाणलंय, जास्त निघालं तर कुणीतरी थापा मारतंय. घोडेगावच्या पुढं रस्त्याला लागून असलेल्या एका हायस्कुलात काकांनी उभी हयात विज्ञान शिकवलं. खरं सांगायचं तर विज्ञान नव्हेच, त्यातली रासायनिक समीकरणं शिकवली. जूनमध्ये जो धडा उघडायचे तो दिवाळीपर्यंत मिटायचे नाहीत. भिंगं, चुंबक, बेडकाचं हृदय वगैरे किरकोळ माल शाळेतले दुसरे, धाकटे सर मागाहून जादा तासाला उरकून घ्यायचे, म्हणून शाळेचा निकाल लागायचा. काकांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की तो निकाल समीकरणांच्या जोरावर लागतोय, आणि धाकट्या सरांचा स्वभाव गरीब असल्यामुळं त्यांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी काकांच्या सदऱ्याच्या खिशात आजही खडू असतो. मावशी धुण्याआधी खिसे चाचपते, तरी महिन्यातून एखादा सदरा पांढरा पडतोच. समोर काळं आणि सपाट काही दिसलं की काकांचा हात शिवशिवतो. गोठ्याचं दार, पाण्याची टाकी, दूध संकलन केंद्राची पाटी, कशालाही सोडलेलं नाही. एकदा कांद्याचा टेम्पो चहाला थांबला होता, तर ड्रायव्हरला लोखंड का गंजतं हे समजावता समजावता त्यांनी टेम्पोचा मागचा अख्खा फाळका भरून टाकला. टेम्पो तसाच नगरच्या मार्केटात गेला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर परत आला तो कुरकुरतच. म्हणाला, "गुरुजी, गेटवर पोलिसानं इचारलं हे काय लिव्हलंय. मी म्हनलं, आमचा गंज हाय." काकांना या उत्तराचा इतका आनंद झाला की त्यांनी त्याला पुन्हा चहा पाजला आणि जाताना दुसरा फाळकाही भरून दिला.

नवख्या पोरांना सूत्रं शिकवायची त्यांची पद्धत वेगळीच होती. प्रत्येक मूलद्रव्याला हात असतात, असं ते सांगायचे. पुस्तकात त्याला संयुजा म्हणतात, पण काका म्हणायचे, पुस्तक शहरात छापतात. सोडियमला एक हात, ऑक्सिजनला दोन, ॲल्युमिनिअमला तीन. एकही हात मोकळा राहता कामा नये, की झालं सूत्र तयार. मग ते वर्गच्या वर्ग मैदानात काढायचे आणि पोरांना एकमेकांचे हात धरायला लावायचे. पंचाईत व्हायची ती ॲल्युमिनिअमची, कारण तिसरा हात आणायचा कुठून? काकांनी घोडेगावच्या बाजारातून जनावरांना बांधायची नवी दावी आणली आणि दोन पोरांच्या कमरेला बांधली. दोन ॲल्युमिनिअम, तीन ऑक्सिजन, सहाला सहा हात गुंतले की सूत्र जुळणार. नेमके त्याच वेळी शिक्षणाधिकारी शाळा तपासायला आले आणि फाटकातून आत शिरताच त्यांना मैदानात दाव्याला बांधलेली मुलं दिसली. काकांनी न डगमगता त्यांच्याही हातात दाव्याचं टोक दिलं. म्हणाले, "साहेब, एक ऑक्सिजन आज गैरहजर आहे, जरा धरा." साहेबांनी धरलं. त्या वर्गातला अंगानं भरलेला एक पोरगा कायम ऑक्सिजन असायचा. तो आता पिठाची गिरणी चालवतो आणि गावात कुणाला त्याचं खरं नाव आठवत नाही. ज्याला कुणाचाच हात धरायला आवडायचं नाही त्याला काकांनी हेलियम ठरवलं होतं. त्याचं लग्न अजून झालेलं नाही, आणि त्याची आई याचा दोष काकांना देते.

माझ्या लग्नातली गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. मुलीकडची मंडळी आमच्यापेक्षा कमी आली होती. त्यांची एक जीप शेवगावच्या अलीकडं बंद पडली होती. अंतरपाट धरला गेला. काकांच्या दृष्टीनं तो अंतरपाट म्हणजे समीकरणातला बाण, आणि बाणाच्या दोन्ही अंगांना माणसं सारखी नकोत का? मंगलाष्टकं सुरू झाली तशी त्यांनी आमच्या बाजूची दोनचार वडीलधारी माणसं दंडाला धरून उचलली आणि स्वतःसकट पलीकडं नेऊन उभी केली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत काका माझ्या सासऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. सासरे कितीतरी दिवस त्यांना आपल्या भावकीतलेच कुणी समजत होते आणि बांधावरून काही वाद निघाला की त्यांचा सल्ला घ्यायला फोन करत होते. काका सल्ला देतही होते.

हे सगळं चालायचं. पण एका बाबतीत काका कुणाची गय करत नसत, आणि ती बाब म्हणजे पायातला आकडा. पाण्याचं सूत्र H₂O. त्यातला दोन हा अक्षराच्या पायाशी बारीक लिहिलेला असतो. समीकरण जुळवताना ऑक्सिजन कमी पडला तर पोरं काय करायची, की हळूच O च्या पायातही एक दोन ठेवून द्यायची. हिशेब जुळला, खेळ खलास. काकांच्या डोक्यात मग तिडीक जायची. पायातला आकडा बदलला की पदार्थच बदलतो. पाण्याचं पाणी राहत नाही, जखमेवर ओततात ते फेसाळणारं औषध होतं. "पी," ते पोराला म्हणायचे, "पी हे पाणी, आतडी धुऊन निघतील." कमी पडलं तर सूत्राच्या पुढं मोठा आकडा लिहायचा, म्हणजे तेच पाणी आणखी एकदा घ्यायचं, पण पायाला हात लावायचा नाही. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलंय की आमच्याकडं लहान पोरं मोठ्यांच्या पाया पडायला वाकली तरी कुणीतरी ते म्हणून घेतं.

आता या माणसाबरोबर माझ्या मावशीनं संसार केला. कसा केला ते तिलाच ठाऊक. दोन गाया, चार शेळ्या, दोन मुलं आणि एक मास्तर एवढं तिनं सांभाळलं. मुलं पुण्याला गेली, मास्तर उरला. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, मी काम करतो त्या नागापूरच्या कारखान्याला सुट्टी होती म्हणून मी तिच्याकडं गेलो, तर ती मला गोठ्यात घेऊन गेली. गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लेका, तो सतरा नंबरचा फॉर्म असतो न्हवं, भायेरून दहावीला बसायचा, त्यो माझ्या नावानं भर."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिचं तोंड चेष्टेचं नव्हतं.

"मी बसनार व्हते दहावीला," ती म्हणाली. "माजं समदं झाल्तं, हॉलतिकीट पन आल्तं. दोन पेपर दिले. आन् मंग लग्नाची तारीक निघाली. ज्या दिशी भूमितीचा पेपर हुता ना, त्या दिशी मला हळद लागली. मी तशीच पिवळी बसून घड्याळाकडं बघत हुते. आता पोरी पेपर सोडवीत आसत्याल, आता पुरवनी मागत आसत्याल."

"काकांना माहीत आहे हे?"

"त्यास्नी कुनी सांगितलं न्हाई, त्यांनी इचारलं न्हाई. आन् तू बी सांगू नको. उगं वाईट वाटंल. मास्तरची बायको म्हनून समदे नमस्कार करत्यात, पन मला एकदा त्या बाकावर बसून समदे पेपर लिवायचेत. पास व्हायचंय. बास."

फॉर्म भरला. काकांना जेव्हा कळलं तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी खिशातला खडू चाचपला, आणि मग म्हणाले, "विज्ञान माझ्याकडं लागलं." बाकीचे विषय शेजारची एक नर्सबाई शिकवायला लागली, आणि मावशीची मराठी, इतिहास, एवढंच काय, गणिताचीही गाडी मजेत चालली. विज्ञान मात्र रुळावरून घसरलं ते पहिल्याच दिवशी. काकांनी चुलीमागच्या भिंतीवर H₂ + O₂ लिहिलं, बाण काढला, पलीकडं H₂O लिहिलं आणि म्हणाले, "उभी राहा आणि जुळव."

"भाकरी करपंल," मावशी बसूनच म्हणाली आणि हात लांब करून O च्या पायात दोन ठेवून मोकळी झाली.

पुढचे कित्येक दिवस त्या घरात हेच चाललं होतं. ती आकडा पायात ठेवायची, ते पुसायचे. ती म्हणायची, "कमी पडलं तितं घातलं, त्यात काय चुकलं?" ते म्हणायचे, "पदार्थ बदलला." ती म्हणायची, "बदलंना का, कुनाला प्यायचंय?" एकदा तर काकांनी खडू भिरकावला, तो नेमका दुधाच्या चरवीत पडला. मग दोन्हीकडून अबोला. मी फोन केला की काका म्हणायचे, "तुझ्या मावशीला विचार," आणि मावशी म्हणायची, "मास्तरला इचार." माझी पक्की खात्री झाली की आता दहावी तर राहिलीच, संसारही राहतोय.

सुटका केली ती घोडेगावच्या बाजारानं. त्या दिवशी मावशीच्या सासरचे पाव्हणे बैलजोडी घेऊन बाजाराला आले होते. सौदा फिसकटला आणि ते न सांगता बैलांसकट जेवायला दारात. मीही नेमका तिथंच होतो. घरात आमटी दोघांपुरती. मावशीनं ते केलं जे आपल्याकडची कुठलीही बाई करते. पाव्हणे हातपाय धुताहेत तोवर तिनं भरलेला तांब्या उचलला आणि पातेल्यावर वाकवला. मागून काका ओरडले, "पायातला आकडा बदलतेस."

पाव्हण्यांनी दचकून आपापल्या पायांकडं बघितलं.

"ही आमटी राहिली नाही आता," काका पातेल्याकडं बोट दाखवून सांगत होते. "हे वेगळंच काहीतरी झालं. माणसं वाढली म्हणून आमटीतली आमटी बदलायची नाही."

मावशीच्या हातातला तांब्या तसाच अधांतरी राहिला. तिनं पातेल्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजी मी दुसरं पातेलं चढवू? तसलीच आमटी, पन दुसरं पातेलं?"

"तेच सांगतोय मी इतके दिवस."

"मंग पातेलं म्हनायचं की नीट. पुढचा आकडा म्हंजी किती पातेली. पायातला म्हंजी पातेल्यात काय हाय." तिनं तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले, भिंतीशी गेली आणि हायड्रोजनच्या पुढं दोन, पाण्याच्या पुढं दोन असं लिहून मोकळी झाली. दोन्ही बाजू मोजल्या. जुळल्या. काका खाटेवर जाऊन बसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. तिनं खरोखरच दुसरं पातेलं चढवलं, त्यामुळं पाव्हण्यांना जेवायला दिवेलागण झाली आणि त्यांनी जाताना पुन्हा या घरी येणार नसल्याचं सूचकपणे सांगितलं.

त्या दिवसापासून मावशी सुटली ती सुटलीच. धार काढता काढता समीकरणं जुळवायला लागली. आणि इथंच काकांचं चुकलं, पण तेव्हा ते कळायचं कसं? एवढ्या वर्षांत असा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी दहावीचं पुस्तक बाजूला सारलं आणि कॉलेजातली अवघड समीकरणं काढली. एक दिवस दुपारी कारखान्याच्या गेटवरून मला निरोप आला की कुणी म्हातारे भेटायला आलेत. मी धावत गेलो. काका घामाघूम होऊन उभे, एसटीनं आलेले.

"काय झालं? मावशी बरी आहे ना?"

"परमँगनेट सोडवलं तिनं," काका म्हणाले. "दोन, सोळा, दोन, दोन, आठ, पाच."

गेटवरच्या वॉचमनला वाटलं मटक्याचा आकडा आहे, आणि त्यानं तो लिहून घेतला.

मी काकांना रसवंतीवर नेलं आणि जरा धीर करून विचारलं, "काका, बाकीचं पुस्तक? भिंगं आहेत, गुरुत्वाकर्षण आहे. दुसरा भाग तर सगळा झाडांचा, पेशींचा आणि आनुवंशिकतेचा."

"होईल ते," काका म्हणाले. "आणि आनुवंशिकता तिला काय शिकवायची, तिनं दोन पोरं वाढवलीत."

परीक्षेच्या दिवसांत काका रोज केंद्राच्या फाटकाबाहेर बाभळीखाली उभे असायचे. विज्ञानाच्या पहिल्या पेपरला मीही होतो. पोरींच्या घोळक्यातून मावशी नऊवारीचा ओचा सावरत बाहेर आली. काकांनी पाण्याची बाटलीही पुढं केली नाही, आधी विचारलं, "कुठलं आलं?"

"कार्बन डायसल्फाइड जाळायचा हुता. एक, तीन, एक, दोन."

काकांनी बोटांवर मोजलं. बरोबर होतं. इतका खूश झालेला माणूस मी लग्नमंडपातही बघितला नाही. बाकीच्या पेपराचं काय, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. मावशी मला एवढंच म्हणाली, "ते एकच आल्तं रं आपलं."

निकाल मोबाईलवर लागतो हल्ली. मी मुद्दाम गेलो होतो. ओसरीवर बसून नंबर टाकला. मराठी पास, इंग्रजी सुद्धा पास, गणितात तर नर्सबाईनं कमाल केली होती. विज्ञानात राहिली. मी मोबाईल मावशीपुढं धरला, तिनं तो काकांपुढं धरला. काकांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग मोबाईल खाली ठेवला आणि उठून गोठ्यात गेले.

मावशी रडली वगैरे नाही. शेंगा निवडत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांनी सकाळपासून काय खाल्लं न्हाई. बोलीव त्यास्नी."

मी उठायच्या आत काका स्वतःच आले. उंबऱ्याशी उभे राहिले. मी त्यांना कधी कुणाची माफी मागताना पाहिलेलं नव्हतं, शिक्षणाधिकाऱ्याची सुद्धा नाही.

"अख्खं वर्ष एकाच धड्यावर काढलं मी," ते म्हणाले. "माझ्यामुळं राहिलीस. दुसऱ्यांदा."

मावशीचे हात थांबले. "दुसऱ्यांदा कसं?"

"भूमितीचा पेपर."

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, पण मी मान हलवली. मी कुणाला एका शब्दानं बोललो नव्हतो.

"कुणी सांगायला कशाला हवं होतं?" काका म्हणाले. "मास्तर होतो मी. त्या दिवशी भूमितीच्या पेपरला मला सुपरव्हिजन होतं. हळदीसाठी रजा टाकली होती त्याची. मुलगी दहावीला आहे हे मला सोयरीक जुळवणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं. मी म्हणायला पाहिजे होतं, आठ दिवसांनी करू. वडिलांपुढं बोलायची छाती झाली नाही. मग वाटलं, तू विसरली असशील. तूही कधी बोलली नाहीस."

गोठ्यात गाय हंबरली. सगळी हयात दोन्ही बाजू मोजत हिंडणारा हा माणूस, आणि घरातली ही एक बाजू त्यांनी मोजून ठेवली होती, फक्त तोंडातून काढली नव्हती. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. मावशीनं पदरातल्या शेंगा सुपात ओतल्या. मग म्हणाली, "फेरपरीक्षा कवा आसती?"

"जुलैत," मी म्हणालो.

"मंग मला आता भिंगं शिकवा," ती काकांना म्हणाली. "आन् बेडूक का काय ते."

काकांना भिंगं येत नाहीत. आयुष्यात कधी नीट आली नाहीत, हे त्यांनी त्या दिवशी कबूल केलं. धाकट्या सरांना फोन करून ते आता संध्याकाळी स्वतः शिकून येतात आणि सकाळी मावशीला शिकवतात. भिंतीवरची समीकरणं पुसून तिथं प्रकाशकिरणांचे बाण काढलेत, ते बहुतेक सगळे चुकीच्या दिशेला वाकतात. मावशी पुस्तकात बघून त्यांना वळवते. तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून स्वयंपाक काकांनी हाती घेतलाय. भाकरी जमत नाही, म्हणून भात आणि आमटी.

परवा रविवारी मी न कळवता गेलो. सोबत बायको होती, मुलं होती. मावशी ओट्यावर पाय पसरून आनुवंशिकता वाचत होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. काका आत चुलीशी. आम्हाला पाहून त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं, दारात उभ्या असलेल्या आमच्याकडं बघितलं, पुन्हा पातेल्यात बघितलं. मग त्यांनी तांब्या उचलला आणि गुपचूप सगळा आमटीत ओतला.

मावशीनं पुस्तकावरून डोळे वर करून ते पाहिलं. तिनं बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं.

"आसू द्या," ती म्हणाली. "वाढा सगळ्यास्नी."